बुबुळावरचं मांस आणि शाळेचं गेट

४ मार्च
ऑपरेशन फत्ते. बुबुळावर चढलेलं मांस डॉक्टरीणबाईंनी सोलून काढलं. मी हूं की चूं केलं नाही. बाईंनी बजावलं: महिनाभर वेल्डिंग बंद, नंतरही तोंडासमोर काळी काच धरल्याशिवाय नाही, थेंब चुकवायचे नाहीत. नाहीतर मांस परत येतं, आणि जोरात येतं. या लोकांना घाबरवायचाच पगार मिळतो. तरी संकल्प: सगळं पाळणार.

७ मार्च
वर्कशॉप मेहुण्याच्या ताब्यात. वेल्डिंगचा साधा टाका मारायलाही काच लावतो. सगळे त्याला चष्मेबहाद्दर म्हणतात. म्हणजे मी म्हणतो. बायकोला विचारलं, तुझा भाऊ झोपतानाही लावतो का? हसली नाही. त्या घराण्यात विनोदबुद्धी नाहीच.

१२ मार्च
शाळेच्या गेटची ऑर्डर! चष्मेबहाद्दर म्हणाला, दाजी, तुम्ही आराम करा, मी करतो. वा रे वा! आज गेट, उद्या वर्कशॉपच गिळेल. डॉक्टरांचा महिना म्हणजे आपला आठवडा, हे शेंबडं पोरही सांगेल. उद्यापासून कामावर.

१३ मार्च
फक्त टाके मारले. टाक्याला काच कशाला? डोळे मिटायचे, हात चालवायचा. बापाने असंच शिकवलं. (बाप शेवटी चाचपडत चालायचा, पण ते वयामुळे.) दुपारचे थेंब राहिले.

२ एप्रिल
डोळ्यात खडा गेल्यासारखं वाटतंय. थेंबांमुळेच. बाटली फेकून दिली. लगेच बरं वाटलं. संध्याकाळी पुन्हा खडा. बायको म्हणाली, लालभडक झालाय. म्हटलं, तू बघूच नकोस.

२९ मे
गेट बसवलं. एकट्याच्या हातचं! मुख्याध्यापिका म्हणाल्या, एक बाजू झुकलीये. म्हटलं, बाई, तुमची भिंत वाकडी. चष्मेबहाद्दर जाऊन कापून, सरळ जोडून आला. कुणी सांगितला होता आगाऊपणा? भिंत मात्र अजून तशीच आहे.

१८ जुलै
बायकोने डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. मांस परत आलंय, पहिल्यापेक्षा जाड, पार बाहुलीवर. दुसऱ्या डोळ्यातही सरकतंय. बाईंनी विचारलं, काच लावत होता ना? रोज, म्हटलं. बायको खिडकीबाहेर बघत बसली. पुन्हा ऑपरेशन करता येईल, पण नजर पूर्वीसारखी होईल याची खात्री नाही म्हणे. बाईंच्या हातालाच गुण नाही.

हल्ली लिहिताना ओळी एकमेकींवर चढतात. वहीच भिकार निघाली.

९ ऑगस्ट
वर्कशॉपवर नवी पाटी लागली. पेंटरला झापलं, मुंगीएवढी अक्षरं काढलीस, गिऱ्हाइकाला दिसणार कशी? तो म्हणाला, काका, हातभर आहेत. म्हटलं, मग वाच मोठ्याने, माझं नाव नीट काढलंयस का बघू. तो वाचेना. बायको त्याला म्हणाली, वाच रे, यांना कधीतरी कळणारच.

वाचलं त्याने. मेहुण्याचं नाव.

खाली बारीक अक्षरात माझंही असणार. मी विचारलं नाही.