पिठातल्या नद्या

प्रिय आई,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवतेही वेळेवर, तेव्हा ती काळजी आधी सोड.

आपल्या राज्याच्या भूगोलाचा माझा वर्ग इथे फार रंगतो. तू परातीतल्या पिठात बोटानं नद्या काढून शिकवायचीस, तसंच मी टेबलावर पीठ पसरून शिकवते. "मॅडम, तुमचं घर कुठे?" असं मुलं रोज विचारतात आणि मी पिठात बोट टेकवते.

बाबांच्या ऑपरेशनसाठी मी रजा मागितली होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुझ्या जागी कोण शिकवेल ते सांग, लगेच सोडते." मी खरं तेच सांगितलं, की इथे भूगोल शिकवणारं दुसरं कुणीच नाही. "मग कशी सोडू गं तुला?" म्हणाल्या. खोटं बोलायला तू शिकवलंच नाहीस ना!

बाबा घाबरलेत का? माझी वाट बघतात का? दादाला त्यांच्याजवळच बसायला सांग.

मधल्या सुट्टीत मी आता गणिताच्या बाईंना तयार करतेय. बिचाऱ्या मन लावून शिकतात, पण त्यांच्या नद्या अजून डोंगर चढतात. डॉक्टर थोडे दिवस थांबतील का, विचारशील?

तुझी,
पिठात हात माखलेली लेक