नव्याण्णव पत्रे आणि चार इंच जागा

१ जानेवारी १९८४, रविवार. सकाळी ७.
नवे वर्ष, नवी डायरी. खताच्या दुकानदाराने फुकट दिली. प्रत्येक पानावर युरियाचे पोते छापलेले आहे. तिकडे लक्ष द्यायचे नाही.
संकल्प :
१) 'दैनिक डंका'त माझी पत्रे शंभर पुरी करायची. आजवर छापून आलेली ९१. कात्रणे ट्रंकेत आहेत. एक उंदराने खाल्ले, तेही मोजणीत धरले आहे.
२) यापुढे गल्लीतली गटारे, भटकी कुत्री असले विषय बंद. फक्त तंत्रज्ञान, उद्योग आणि राजकारण.
३) गिरणीत लक्ष घालायचे.
तिसरा संकल्प झुंबरने लिहायला लावला. झुंबर म्हणजे बायको. पिठाची गिरणी माझ्या नावावर आहे, चालवते ती. मी धोरण बघतो.

४ जानेवारी
मारुती मोटारीवर पत्र लिहिले. दिल्लीत गाजावाजा चालू आहे, पण टपावर उसाची मोळी बसते का, हे कोणी विचारले? कागलच्या शेतकऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून मोटार काढायला हवी होती. आठ पाने झाली.
पत्र हुसेनजवळ दिले. हुसेन शाळेपासूनचा दोस्त. 'डंका'त कंपोझिटर आहे. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून मजकूर जुळवतो, पंचवीस वर्षे झाली. सकाळी जोंधळे दळायला आला की मी पत्र त्याच्या डब्याच्या झाकणावर ठेवतो. पोस्टाचे तिकीट वाचते आणि पत्र थेट संपादकांच्या हातात पडते. हुसेन म्हणाला, आठ पानं हाईत की रं. मी म्हणालो, संपादक बघून घेतील.

९ जानेवारी
आले! ९२.
आठ पानांचे चार इंच झाले आहेत, पण काय ते चार इंच! संपादकांच्या कात्रीला तोड नाही. वर सोनाराची जाहिरात, खाली मूळव्याधीचे औषध, मधोमध मी. मोक्याची जागा दिली आहे.
झुंबरला वाचून दाखवले. म्हणाली, अवं, आधी पट्टा सरळ करा, सरकतोय.

१७ जानेवारी
बँकांत कॉम्प्युटर येणार! बातमी वाचून अंगाचा भडका उडाला. जेवणाआधी बसून लिहून टाकले. त्यातले एक वाक्य : 'माणसाच्या हातातले काम काढून घेण्याआधी त्या माणसाला कोणी विचारले का?' हे लिहिल्यावर मी स्वतःच उठून उभा राहिलो.

१८ जानेवारी
कॉम्प्युटरचे पत्र हुसेनला वाचून दाखवले. त्याने कागद मागून घेतला आणि ते वाक्य स्वतः पुन्हा वाचले. मग म्हणाला, लई ब्येस लिवलंयस गड्या, हे मी चांगल्या जागी लावतो. मी म्हणालो, जागा संपादक ठरवतात. हसला नुसता. कंपोझिटरला संपादन काय कळणार!

३० जानेवारी
कॉम्प्युटरचे पत्र अजून नाही. टीव्हीवरचे आले (९३), साखरेच्या निर्यातीवरचे आले (९४). जे खरे जहाल होते ते अडले. संपादक बँकांना घाबरतात. जाहिराती जातील ना! मी कोणाला घाबरत नाही. झुंबरने हाक मारली म्हणून इथेच थांबतो.

११ फेब्रुवारी
रशिया आणि अमेरिका यांना एकाच पत्रात समज दिली होती. ३ तारखेला छापून आली (९५). आज आठ दिवस झाले, महायुद्ध नाही. मी काही म्हणत नाही. तारखा बोलतात.
कोपऱ्यावरचा बाळासो पानवाला म्हणाला, चौगुलेअण्णा, तुमचं पत्र मी सोडत न्हाई, पान बांधताना वाचतोच की. म्हणजे माझे विचार तो पानाबरोबर घरोघर पोचवतो आहे. 'डंका'च्या खपाखेरीज हा वेगळा खप.

२ मार्च
९६ (जागतिक मंदी). आता चारच राहिली!
शंभराव्या पत्रानंतर काय होईल याचा शांतपणे विचार केला. 'डंका'तर्फे सत्कार होईल. शाल, नारळ, फेटा. संपादक बोलतील. मी नको नको म्हणेन. मग अर्धा तास बोलेन. भाषणाचे मुद्दे डायरीच्या मागच्या पानावर काढले आहेत. तिथेही युरिया.

८ मार्च
शंभराव्या पत्रासोबत माझा फोटो हवाच. स्टुडिओत जाऊन काढून आलो. हनुवटीखाली हात. विचारवंत वाटतो. झुंबर म्हणाली, दाढ दुखत हुती व्हय?
हुसेनला फोटो दाखवला. त्याने सांगितले की 'डंका'त फोटो छापायचा तर त्याचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, करावा लागतो आणि ब्लॉक फक्त पुढाऱ्यांचे होतात. मग पुण्या-मुंबईच्या पेपरांत पैलवानांपासून बैलांपर्यंत सगळ्यांचे फोटो कसे येतात, असे मी विचारले. म्हणाला, त्यांच्यात ऑफसेट मशीन हाय, फोटो किती बी पडत्यात, खिळं लागतच न्हाईत.
माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

१० मार्च
पत्र : 'डंका, ऑफसेट आणा!' या वेळी एकच पान. राग खरा असला की लिखाण आटोपशीर होते. 'खिळ्यांचा जमाना संपला. शिशाची गुलामी झुगारून द्या. विसाव्या शतकात असून किती दिवस एकेक अक्षर वेचत बसणार?'
हुसेनने तिथेच उभ्याउभ्या दोनदा वाचले. पिठाचा गरम डबा काखेत धरून! चटका बसत असेल, पण कळलेच नाही त्याला. भारावला असणार. म्हणाला, हे बी मीच जुळवायचं व्हय? मी म्हणालो, व्हय, आणि एक शब्द कापायचा न्हाय, सांग तुझ्या संपादकाला.

१४ मार्च
९७!! एक शब्द कापलेला नाही. एकही चूक नाही. इतके स्वच्छ पत्र 'डंका'त आजवर कोणाचे आलेले नाही. हुसेनचे हात चांगले आहेत, हे कबूल करायला हवे.

४ एप्रिल
काल आपला माणूस अवकाशात गेला! भारताचा! पेपर हातात धरून गिरणीत उभ्याने वाचत होतो. अंबूबाईचे गहू दळायचे होते. वाचता वाचता मी तिच्या गव्हाच्या मागोमाग हुसेनचे जोंधळेही वरच्या पेटीत ओतले. पांढरे पीठ राखी होत गेले तेव्हा मी पृथ्वीपासून बराच वर होतो.
अंबूबाई साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलली. त्यो वर गेला तर जाऊंदे की, माझ्या गव्हानं काय केलंतं? म्हणाली, उद्या जावई यायचाय, त्येला ह्या पिठाच्या पोळ्या घालू व्हय? मी तिला सांगितले की विज्ञान पुढे जाते तेव्हा थोडेफार सोसावे लागते. झुंबरने मला बाहेर काढले आणि घरचे गहू दळून दिले. हुसेन ते मिसळलेले पीठच घेऊन गेला. म्हणाला, आमच्यात चालतंय.
संध्याकाळी पत्र लिहिले : 'अवकाशवीराला भाकरी द्या'.

१० एप्रिल
९८.

२० एप्रिल
पहिल्या पानावर चौकट! 'डंका लवकरच ऑफसेटवर'!!!
एक महिना दहा दिवस. दिल्लीला पाच वर्षे लागतात, मी एका पानात काम केले. गिरणी अर्धा तास बंद ठेवून बाळासोच्या टपरीवर सर्वांना चहा पाजला.
बाळासो म्हणाला, मशीनचा पाया दिवाळीतच खणलाता की, मी बघितलंय. मी म्हणालो, माझे मत त्यांना दिवाळीतच कळले असणार, जाणती माणसे आहेत.
हुसेनला बातमी सांगायला गेलो तर त्याला आधीच माहीत होती. चहा घेतला नाही. पित्त झालेय म्हणाला. त्याला सांगितले, आता तुला खिळे वेचत बसायला नको, आराम आहे. व्हय, आरामच हाय, म्हणाला.

६ मे
९९. (लघुउद्योग.)
हुसेन आज जोंधळे न घेताच आला. कात्रण त्यानेच आणले होते. म्हणाला, हे शेवटचं. मी म्हणालो, शेवटचं कसं? शंभरावं ऱ्हायलंय की! हूं म्हणाला. दारात जरा उभा राहिला. मला भाषणाला हात घालायचा होता म्हणून मीही बस म्हणालो नाही.

१३ मे, रविवार. रात्री उशीर नको म्हणून आत्ताच, सायंकाळी ६.
ऑफसेटचे उद्घाटन झाले. निमंत्रण आले नव्हते. घरच्या माणसाला कोण निमंत्रण देतो?
पांढरा सदरा, नवा भगवा फेटा, खिशात भाषण. दारात पोचतो तोच एक कार्यकर्ता धावत आला आणि खेकसला, पावणं, कवापास्नं वाट बघतोय, कुठं हुता? माझी वाट बघत होते! माझा हात धरून त्याने मला दरवाजाच्या डाव्या बाजूला उभे केले. उजव्या बाजूला तसलाच फेटा घातलेला एक जण होता. मग माझ्या हातात तुतारी आली.
मंत्र्यांची गाडी आली. उजव्या बाजूच्या गृहस्थाने तुतारी वाजवली. मीही फुंकली. आवाज आला, पण तो कशाचा हे सांगता येत नाही. फोटोग्राफर हसला आणि त्याने फोटो काढला. एकूण प्रमुख पाहुण्यांचे दारात स्वागत करण्याचा मान मला मिळाला. भाषणाचा योग आला नाही. खरा तुतारीवाला एसटी चुकल्याने उशिरा आला आणि माझ्याशी फार उद्धटपणे बोलला.
मशीन प्रचंड आहे. हुसेन कुठे दिसला नाही. मशीनवरची मुले पँट-शर्टातली, इचलकरंजीकडची वाटली.

१४ मे
उद्घाटनाचा फोटो छापून आला. ऑफसेट म्हणजे ऑफसेट! मंत्र्यांच्या कानामागे माझा फुगलेला गाल अगदी स्पष्ट आहे.

२७ मे
'डंका' झकास निघतो. फोटोच फोटो. वाचकांच्या पत्रांचे सदर तेवढे तेरा दिवस नाही. शंभरावे पत्र (विषय : भारत आणि एकविसावे शतक) मी पोस्टाने पाठवले आहे, कारण हुसेन फिरकलेला नाही. माझा अंदाज : ते विशेष पुरवणीसाठी राखून ठेवले आहे.

६ जून
हुसेनला गर्व झाला. नवे मशीन मिळाले की जुना दोस्त कशाला आठवेल? जोंधळेसुद्धा दुसऱ्या गिरणीत नेत असेल. मी जाणार नाही. त्याने यावे.
झुंबर म्हणाली, हुसेनभावजींची सलमाभाबी बाजारात भेटलीती, तुमी एकदा जाऊन या त्यांच्याकडं. मी म्हणालो, पाऊस आहे.

१२ जून
'डंका'च्या कचेरीत गेलो. संपादकांना प्रथमच समोरासमोर भेटलो. मी आकाराम चौगुले, असे म्हणून हात जोडले आणि जरा थांबलो. ते म्हणाले, कोणते चौगुले? जाहिरातीचे का?
नव्याण्णव पत्रांची आठवण दिली. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग शांतपणे सांगितले की ते सदर असे काही नव्हतेच. पान लावताना जाहिरात कमी पडली की खाली भोक राहायचे, ते बुजवायला कंपोझिटर आपल्याजवळचे काहीतरी टाकायचे. आता पान कागदावर चिकटवतात, आधी मापून. भोक राहत नाही.
मी विचारले, मग माझ्या पत्रांवर कात्री कोण चालवायचे? संपादकांना माहीत नव्हते.
हुसेन कुठे भेटेल, असे विचारले. म्हणाले, खिळेवाले सगळेच गेले की, उद्घाटनाआधीच.
पाऊस नव्हता. तरी चालत घरी यायला फार वेळ लागला.

१३ जून
विशेष काही नाही.

१६ जून
गिरणीत दिवसभर स्वतः बसलो. झुंबरने दोनदा ताप आहे का बघितले.

२४ जून, रविवार
हुसेन आला. आपण होऊन! इचलकरंजीजवळ कबनूरला भाच्याच्या यंत्रमागांवर आहे, रविवारी घरी येतो. तुटलेले धागे जोडतो. म्हणाला, बोटांना सवय हाय, खिळं काय नि धागं काय. वाळला आहे. मी गेलो नाही याबद्दल एक शब्द बोलला नाही.
मला राहवले नाही. विचारले, ते ऑफसेटचे पत्र तू जुळवलेस, तेव्हाच माझ्या कानफटात का मारली नाहीस? टाकून द्यायचेस, हरवले म्हणायचेस. हुसेन म्हणाला, तूच म्हणालास की एक शब्द कापू नगो. आन् त्या दिवशी चार इंच मोकळं हुतं.
मग त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेले काहीतरी काढून वजनकाट्यापाशी ठेवले. सुतळीने बांधलेला शिशाच्या खिळ्यांचा ठोकळा होता. जानेवारीतले कॉम्प्युटरचे पत्र! म्हणाला, खिळं सगळं भंगारात किलोवर गेलं, हे तेवढं बाजूला काढलं. कधी छापले का नाहीस, असे विचारले. म्हणाला, चांगल्या जागी लावायचं हुतं, वर, अग्रलेखाच्या शेजारी. तसली जागा कवा मोकळी ऱ्हायलीच न्हाय.
झुंबरने त्याला चहा दिला. मी त्याचे जोंधळे दळून दिले. काहीही मिसळले नाही. एसटीपर्यंत पोचवायला गेलो, डबा मी धरला होता. बोलायचे बरेच होते. शेवटी गाडीत बसताना तोच म्हणाला, लिवत जा.
घरी येऊन ठोकळा बघितला. अक्षरे उलटी असतात, वाचता येईना. दाढीचा आरसा आणला, खिडकीत ठोकळ्यासमोर धरला. तेव्हा सगळे सुलटे झाले. तीन पानांतले हुसेनने मोजके ठेवले होते, आणि ते वाक्य पहिलेच घेतले होते. माणसाच्या हातातले काम काढून घेण्याआधी त्या माणसाला कोणी विचारले का?
खाली माझे नाव. आकाराम बापू चौगुले, शनिवार पेठ, कोल्हापूर.
शंभरावे पत्र. वाचक एक.
'डंका'ला खरमरीत पत्र लिहायला बसलो होतो. लिहिले नाही.