अल्फोन्सची फळी

प्रिय लिअँडर भावजी,

तुमच्या थिओडोरा वहिनीचा नमस्कार. गुडघा कसा आहे ते आधी कळवा, आणि खरं कळवा. मागच्या खेपेस 'उत्तम' लिहिलंत आणि पाकीट दवाखान्याचं होतं. इकडे मेन राज्यात नदी गोठली आहे आणि मी तापले आहे.

कारण नेहमीचंच, 'विंटरबेरी'. तटरक्षक दलाचं ते कटर जहाज आता सेवेतून काढणार आहेत, आणि निरोपाच्या दिवशी त्याच्या कामगिरीचा इतिहास वाचायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. का, तर तुमचा भाऊ त्यावरच्या पहिल्या खलाशांपैकी, जहाजाचा आचारी. तो आता नाही, म्हणून मी. (सवतीच्या सत्काराला बायकोने भाषण करायचं. तुमचा भाऊ जहाजाला 'ती' म्हणायचा, तेही किती मऊ आवाजात. मला नुसतं 'ऐकलंस का'.) त्याची राख अजून माझ्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी आहे. ती अजून पुरली नाही म्हणून फादर बुशे दर रविवारी माझ्याकडे बघून सुस्कारा टाकतात.

लिहायला बसले तर लक्षात आलं, त्या जहाजाची प्रत्येक कामगिरी मला पाठ आहे, कारण त्या त्या दिवशी अल्फोन्स घरी नव्हता. आमच्या लेकीच्या, सेलेस्टच्या, बाप्तिस्म्याच्या वेळी तो वाहून गेलेला बोया, ती पाण्यावरची तरंगती खूण, शोधत होता. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी जहाज नदीतला बर्फ फोडायला गेलं आणि त्याच बर्फात अडकून बसलं. सोडवायला दुसरं जहाज आलं, तर याने त्यांनाही जेवू घातलं. केक मी शेजारणीबरोबर खाल्ला. घरी असला की शिंपल्यांचं सूप करायचा, अख्ख्या जहाजाच्या मापाने, आणि मग आठवडाभर तेच.

शनिवारी चर्चच्या तळघरात बीन्सच्या जेवणाला जुनी मंडळी भेटली. शेवंडी पकडणारा हॉलिस, ज्याला 'विंटरबेरी'ने धुक्यातून ओढून आणलं, तो जवळ सरकून म्हणाला, "वहिनी, मी हरवलो नव्हतो, तेवढं नीट लिहा."

"मग दोन दिवस होतात कुठे?"

त्याने पलीकडे बसलेल्या बायकोकडे पाहिलं. "बरं, हरवलो होतो म्हणा."

शाळेत सिस्टर इग्नेसने आम्हाला अक्षर शिकवलं, शुद्धलेखन शिकवलं, पण लेखी खोटं बोलायला शिकवलं नाही. कागद कोरा आहे.

शेवटी मी जहाजाच्या कप्तानीण बाईंना (सेलेस्टहून लहान आहे) सांगितलं, आधी अल्फोन्सची फळी द्या, मग इतिहास वाचते. पहिल्या खलाशांपैकी प्रत्येकाची जहाजात एक फळी असते, ही तर त्यांचीच रीत. तो आयुष्यभर सांगत आला, 'तिथे माझी एक फळी आहे.' ती पोरगी ओशाळून लाल झाली. "आजी, जहाज सगळं पोलादाचं आहे. ती नुसती म्हणायची पद्धत असते. त्यांनी कधी दाखवलं नाही तुम्हाला?"

कधीच नाही. मला त्याने एकदाही त्या जहाजावर नेलं नाही. आणि भावजी, तुम्ही जन्मभर सुतारकाम केलंत. तो फळीच्या गोष्टी सांगायचा तेव्हा तुम्ही माना कसल्या डोलवत होतात?

तेव्हा माझं ठरलंय. फळी नाही, तर भाषण नाही. मी जाणार नाही, तुम्हीही गुडघा घेऊन एवढ्या लांब येऊ नका.

तुमची,
थिओडोरा वहिनी

ता. क. पत्र पाकिटात घालतच होते, तेवढ्यात कप्तानीण बाई स्वतः आल्या. त्यांनी जहाज वरपासून खालपर्यंत पाहिलं. लाकडाची एकच वस्तू निघाली: स्वयंपाकाच्या खोलीतलं, अल्फोन्स ज्यावर पावाची कणीक मळायचा ते टेबल. मधोमध खोलगट झालंय म्हणे. ते न्या म्हणाल्या, पण बोल्टने जखडलेलं आहे. तेव्हा भावजी, निरोपाच्या दिवशी या, आणि करवत आणा.

ता. क. २. त्या फळीची पेटी करायची आहे, राखेसाठी. फादर बुशेंनी दफनभूमीत जागा दाखवली आहे. पेटी दोघांपुरती करा. माझी बाजू काही वर्षं रिकामी राहील, राहू दे. या खेपेला मी आल्याशिवाय निघायचं नाही, असं त्याला सांगून ठेवलंय.