विनंती नाकारण्यात आली आहे

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. म्हणजे चालतो, जेवतो आणि कुणी विचारलं तर ठीक आहे म्हणतो. तुझा गुडघा, तुझ्या यजमानांचा खोकला आणि तुझ्याकडचा फोन या तिघांची खुशाली कळव. (फोनची का, ते पुढे येईल. तुझी ताई म्हणायची, की मला पेलाभर पाणी मागायचं असलं तरी मी विहीर खणण्यापासून सुरुवात करतो. तेव्हा जरा दमानं घे.)

गेल्या सोमवारी शाळेच्या मोठ्या बाई दुकानात आल्या. मला वाटलं घड्याळाचा पट्टा बदलायचा असेल, पण त्या सांगायला आल्या होत्या, की ताईचं शाळेचं खातं महिनाअखेर बंद होणार. तुला माहीतच आहे, शेवटची सहा वर्षं शिकवण्याबरोबर शाळेच्या सगळ्या खात्यांचा कारभारही तिच्याच गळ्यात होता. कुणी पासवर्ड विसरलं, बाईंना सांगा. कुणाचं उघडत नाही, बाईंना सांगा. आता बाईच नाहीत म्हटल्यावर खात्यांना वाली उरला नाही, म्हणून तीस तारखेला कंपनीचा माणूस येऊन सगळं पुसणार आणि नव्याने मांडणार. त्यात तिने आजारी मुलांसाठी घरून रेकॉर्ड केलेले एक्केचाळीस धडे आहेत. मोठ्या बाई म्हणाल्या, घरच्या कॉम्प्युटरवर तिचं ॲप असेल, त्यातून उतरवून घ्या, नंतर माझ्या हातात काही नाही. मुलांच्या दृष्टीने ही केवढी ठेव आहे, तूच विचार कर. मी म्हटलं, चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडतोय, एक खातं उघडायला कितीसा वेळ लागणार? (आज आठवा दिवस.)

पासवर्ड तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर होताच. मी तिच्या खुर्चीत बसलो, ॲप उघडलं, पत्ता टाकला. लगेच प्रश्न आला: हे खातं शाळेचं आहे की वैयक्तिक? आता हा प्रश्न आमच्या घरात एकतीस वर्षं गाजलेला. ती शाळेची जास्त की घरची, यावर मी किती वेळा तोंड फुगवून बसलो असेन, ते तू पाहिलं आहेस. मी विचार न करता 'वैयक्तिक' दाबलं. ॲप म्हणालं, असं कोणतंही खातं अस्तित्वात नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मुकाट्याने 'शाळेचं' दाबलं, तेव्हा कुठे तिचं नाव आणि फोटो पुढे आला. घरात हरलेलं भांडण ती गेल्यावर पुन्हा एकदा हरलो.

पण उघडलं म्हणशील तर नाही. 'काहीतरी चुकलं आहे, नंतर प्रयत्न करा.' काय चुकलं ते सांगायला काय होतं? ताईसुद्धा रुसली की एवढंच सांगायची, पण तिच्या भांड्यांच्या आवाजावरून अंदाज तरी यायचा. शेवटी आमच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावलं. त्याने ॲप काढून पुन्हा घातलं, जुन्या नोंदी पुसल्या, इंटरनेटची वायर उपटून पुन्हा खोचली, आणि मग स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून हसायला लागला. "काका, तुम्ही घड्याळजी ना? मग तुमच्याच कॉम्प्युटरचं घड्याळ चार वर्षं मागे!" आतला सेल संपला होता. घड्याळ चुकीचं असलं की ॲप आपल्यावर विश्वास ठेवत नाही म्हणे. सेलही कसला, तर माझ्या टेबलाच्या डाव्या खणात ज्याची अख्खी पट्टी पडलेली असते, तोच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सेल बसवायला दोन मिनिटं लागली. तारीख बरोबर करायला मात्र मी दुसरा दिवस घेतला. त्या कोपऱ्यातल्या तारखेला तुझी ताई हयात होती गं. स्वयंपाकघरात असेल, नाहीतर वह्या तपासत असेल. मीच हाताने ती चार वर्षं पुढे ढकलायची, हे काही मला लवकर जमेना. (झेरॉक्सवाल्याला सांगितलं, सेल टिकतो का ते बघतोय.)

तारीख सुधारली तर ॲपने नवीन सूर काढला: 'आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा.' मी मोठ्या बाईंना फोन केला, की तुमच्याकडे प्रशासक कोण? त्या म्हणाल्या, "अहो, बाईच होत्या." फोन ठेवला आणि हसू आलं, आणि मग हसू राहिना. संपर्क साधा! मी सकाळी चहा दोन कप टाकतो, दुसरा ओतून देतो, तो आणखी कशासाठी? जगात मला एकाच माणसाशी संपर्क साधायचा आहे, आणि ते यंत्र मलाच वर शहाणपण शिकवतंय.

पण मीही चिवट. रोज दुपारी चारला, दुकान तासाभरासाठी बंद करून, प्रयत्न करत राहिलो. गुरुवारी ॲप जरा नरमलं. 'मंजुरीची वाट पाहत आहोत' असं म्हणून एक गोल फिरू लागला. कुणाची मंजुरी, कुठून, काही कळेना. मी हात मांडीवर ठेवून बसलो. मिनिटभराने अक्षरं आली: 'आपली विनंती नाकारण्यात आली आहे.'

धाकटे, माझ्या अंगावर काटा आला. कारण नाही म्हणणारं कुणीतरी पलीकडे होतं. शुक्रवारीही तेच. शनिवारी तर मी केस विंचरून बसलो. कालपर्यंत चार वेळा विचारलं, चारही वेळा नाही. वाईट वाटायला हवं होतं, पण सांगू का, या पाच महिन्यांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. कुठेही जायचं विचारलं तरी तिचा पहिला शब्द 'नाही'च असायचा, आणि मग तासाभराने साडी बदलून तयार. मी रोज तो तासभर थांबत होतो.

असो. तुला काही त्रास द्यायचा नाही, सहज सुचलं म्हणून लिहिलं. गुडघ्याला शेक चालू ठेव.

तुझा,
भाऊजी

ता. क. – काल झेरॉक्सवाल्याने उलगडा केला. ती मंजुरी बाईंच्या फोनवर मागितली जाते म्हणे. "फोन कुणाकडे आहे?" म्हणाला. तो ताईचा फोन, तुझा फुटला म्हणून, मीच तुला दिला. म्हणजे रोज चारला 'तुम्हीच खातं उघडत आहात का?' असं विचारलं जात होतं ते तुला, आणि 'नाही' दाबत होतीस ती तू. तुझं अजिबात चुकलं नाही. अनोळखी काही आलं तर आधी 'नाही' दाबायचं, हे तुला तिनेच शिकवलं होतं. मी फोन करूनच सांगणार होतो, पण तो नंबर लावला की माझ्या फोनवर तिचं नाव येतं आणि 'हॅलो' तू म्हणतेस. म्हणून पत्र.

दुसरा ता. क. – मुलांची ठेव वगैरे मी लिहिलं ते खोटं नाही, पण मोठ्या बाईंकडे पुस्तकं आहेत, त्यांचं अडणार नाही. मला फक्त सतरावा धडा हवा आहे, घड्याळ कसं वाचायचं तो. त्यात दुकानातलं मोठं घड्याळ धरून मी मागे उभा आहे आणि ती मुलांना सांगते, की आमच्या घरच्या घड्याळजींना अजून जेवणाची वेळ कळत नाही, तेव्हा तुम्ही तरी नीट शिका. तिचा आवाज माझ्याकडे दुसरा कुठलाच नाही. आम्ही घरात असायचो, रेकॉर्ड कोण कशाला करील?

तिसरा आणि शेवटचा – येत्या रविवारी दुपारी बरोबर चार वाजता फोन हाताशी ठेव. प्रश्न येईल. 'होय' दाबायचं आहे. पण एक कर. पहिल्यांदा येईल तेव्हा 'नाही'च दाब. मी तासभर थांबेन, आणि पाचला पुन्हा विचारेन.