शेवटचे प्रकरण बहिणीचे

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, पोटासाठी मुद्रितशोधक आणि हौसेने कादंबरीकार, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. यातला 'मी' म्हणजे खरोखर मीच. हे सांगावे लागते, कारण माझ्या एका कादंबरीतला 'मी' बायकोला मारतो, तर शेजारीण माझ्या बायकोला गुपचूप मलम आणून देत असे. लोकांपुढे हात टेकले.

१. दोन खोल्यांचे घर आणि बँकेतील ठेव मुलीला. जावयाने मधली भिंत पाडू नये. तो पाडणारच, हे मी ओळखून आहे.

२. लिहिण्याच्या चार खुर्च्याही मुलीला. ज्या पात्राचे बोलणे लिहायचे, त्याच्या खुर्चीत जाऊन बसायचे, ही माझी पद्धत. "घरात माणसं दोन, खुर्च्या चार, आणि मला बसायला जागा नाही," असे बायको म्हणायची. प्रकाशकाला एकही खुर्ची देऊ नये.

३. अपुरी कादंबरी. हिच्यापायी डोके उठले आहे. गोष्ट सांगतो भाऊ. आई आजारी असताना त्याची धाकटी बहीण घर सोडून जाते. प्रकाशक म्हणतो, "शिरा की तिच्या मनात, लेखक तुम्हीच ना!" अहो, सांगणारा भाऊ शेजारच्या खोलीत बसला आहे, त्याला पलीकडचे मन कसे दिसणार? पण पालथ्या घड्यावर पाणी.

माझ्या धाकट्या बहिणीनेही हस्तलिखित वाचले आणि फोन केला.

"दादा, मी सगळ्या प्रकरणांत नुसती दारं आपटते. का आपटते, ते कुठंय?"

"भावाला ते माहीत नाही गं. गोष्ट त्याच्या बाजूनं आहे."

"मग भावानं एकदा विचारायचं होतं."

तिने फोन ठेवला, तो आजतागायत उचललेला नाही. मी भयंकर चिडलो. मग तिच्या खुर्चीत जाऊन बसलो. अख्खी दुपार गेली, एक वाक्य सुचले नाही. आईच्या आजारपणात ती का गेली, हे मला आजही माहीत नाही.

४. म्हणून शेवटचे प्रकरण, कादंबरीच्या सर्व हक्कांसह, बहिणीला. ते तिने स्वतः 'मी' म्हणून लिहावे. लिहायचे नसेल, तर कादंबरी अपुरीच छापावी. दुसऱ्या कोणाकडून शेवट लिहून घेऊ नये. तिच्या मजकुरात भाऊ वाईट निघाला, तर प्रकाशकाने तो सुधारू नये.

ते प्रकरण मला वाचायला मिळणार नाही, याचे फार वाईट वाटते.

सही : मृत्युपत्र करणारा
आमच्यादेखत सही केली, साक्षीदार :
१. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर
२. कोपऱ्यावरचा शिंपी
स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
तारीख : ९ ऑक्टोबर