स्विचबोर्डासमोरची काळी चटई आणि फणसाचा पाट

दि. १६ मे १९८८

प्रति,
मा. उपअभियंता,
वीज उपविभाग कार्यालय, वायंगबंदर,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

विषय : उपकेंद्रातील काळी चटई पावसाआधी बदलणे व जप्त केलेल्या पाटाबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. ४ व १८ एप्रिल. २) आपले उत्तर दि. २ मे. ३) वीज मदतनीस बाबली तांडेल यांस दिलेला मेमो, दि. ११ मे.

महोदय,

१. मी येथील शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक आहे. उपकेंद्रातील स्विचबोर्डासमोर उभे राहण्यासाठी अंथरलेली चटई खाणीतल्या जुन्या सरकत्या पट्ट्यातून कापलेली आहे. तिच्यातून वीज जाऊ शकते, हे मी दोनदा कळवले. आपले उत्तर आले की, "रबर हे विजेचे दुर्वाहक असल्याचे इयत्ता सातवीच्या विज्ञानात नमूद आहे, सबब अर्ज दप्तरी दाखल."

२. महोदय, ते वाक्य एकतीस वर्षे मीच फळ्यावर लिहीत होतो. बाबलीने ते माझ्याकडूनच घेतले. मार्च महिन्यात तो मला म्हणाला, "गुरुजी, बोर्डाक हात लावलो की पायांक झिणझिण्यो येतत. पण खाली रबर आसा मा? तुमीच शिकवलात." त्या दिवसापासून मला स्वस्थता नाही.

३. निव्वळ रबराबाबत ते वाक्य खरे आहे. परंतु टायर, पट्टे यांच्या रबरात मजबुतीसाठी काजळी मिसळतात. काजळी थोडी असेल तर तिचे कण सुटे राहतात आणि वीज अडते. ती एका प्रमाणापलीकडे गेली की कणाला कण लागून आरपार वाट तयार होते. हे मला ठाऊक नव्हते, म्हणून मी ते कधी सांगितले नाही.

४. खात्रीसाठी मी शाळेच्या ओट्यावर मुले विखरून उभी केली; मुले म्हणजे काजळीचे कण, चिंचोका म्हणजे वीज. पाय हलवायचे नाहीत, फक्त हात लांबवून चिंचोका पलीकडे पोचवायचा. दहा मुलांत तो सुरुवातीलाच अडला. वीस झाली तरी अडला. आणखी चार जणी आल्या आणि एकाएकी पलीकडे पोचला. चौथीतली सावित्री ओरडली, "गुरुजी, आता माका काढलात तरी चिंचोको पोचतलो, दुसरी वाट आसा!" चौथीच्या मुलीस जे एका तासात समजले, ते आपल्या कार्यालयास समजावण्यासाठी मी कोणत्याही दिवशी चिंचोक्यांसह हजर राहण्यास तयार आहे.

५. चटई खाऱ्या हवेने दमट झाली असेल, असे आपले लिपिक तोंडी म्हणाले. म्हणून बाबलीने दिलेला तिचा तुकडा मी तीन दिवस कडक उन्हात वाळवला व रेडिओ दुरुस्त करणारे नाना यांच्या मीटरला लावला. काटा हलला. माझ्या हवाई चपलेवर हलला नाही. सगळेच काळे रबर असे असते असे माझे म्हणणे नाही. चटई तपासलेली असावी, एवढेच.

६. आपले उत्तर आल्यावर मी घरातला जेवणाचा फणसाचा पाट बाबलीला उभा राहण्यास दिला. तो त्यावर उभा राहू लागल्यापासून झिणझिण्या थांबल्या. दि. ११ रोजी "कार्यालयात भोजनसाहित्य आणल्याबद्दल" त्यास मेमो मिळाला व पाट कपाटात कुलूपबंद झाला. बाबली सध्या पुन्हा चटईवर उभा राहतो. पाऊस तीन आठवड्यांवर आला आहे. ओल्या पायांनी त्याला त्याच बोर्डावर हात घालावा लागेल, आणि तेव्हाही तो माझेच वाक्य आठवेल.

७. तरी नम्र विनंती की, तपासणीचा शिक्का असलेली चटई तातडीने मागवावी. बाबलीचा मेमो मागे घ्यावा, चूक त्याची नाही, शिकवणाऱ्याची आहे. पाट मला परत नको. तो जप्तच राहू द्यावा. फक्त नवी चटई येईपर्यंत कपाटाऐवजी स्विचबोर्डासमोर जप्त ठेवावा, आणि रोज कोरडा पुसावा.

आपला नम्र व त्या वाक्याचा धनी,
काशीराम धोंडो वायंगणकर

सोबत : १) चटईचा तुकडा, वाळवलेला. २) मीटरच्या नोंदी, नाना यांच्या सहीसह. ३) पाट पुसण्यासाठी जुने धोतर, अर्धे.