पाय तिकडं जातात

तात्या, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा मी तुमच्याशी न भांडता बोलायला बसलेय. कोर्टातून आले, चहा टाकला, तो उतू गेला, ओटा पुसला आणि तिथंच भाजीच्या पाटीशेजारी कागद घेऊन बसले. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. हिच्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणायची आणि तुम्ही म्हणायचात, असू दे, कोर्टात नोकरी लागेल हिला. लागली की. वकिलीची नाही, कारकुनाची. आता कागदावर सगळीकडं अहिल्यानगर लिहावं लागतं, तोंडात मात्र नगरच येतं.

तुम्ही पारनेर तालुक्यातल्या शाळेत गुरुजी. नाकासमोर चालणारा माणूस. मी तिसरीत असेन, गल्लीतल्या पोरींशी पैजेवर चिंचोके खेळून ओचा भरून घरी येते. आई भाकरी थापतेय, तुम्ही चुलीशी पाटावर बसलाय. मी ऐटीत ओचा तुमच्यापुढं रिकामा करते, शाबासकी मिळेल म्हणून. तुम्ही फक्त विचारता, कुणाकुणाचे? आणि जेवण तसंच ठेवून मला दारोदार नेता, ज्याचे त्याला परत करायला लावता. वाटेत एवढंच म्हणालात, खेळावं, पण पैजेचं घरात आणू नये. मला इतका राग आला होता की दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. हे अशासाठी लिहितेय, की पुढं जे झालं ते मला का सोसलं नाही हे तुम्हाला कळावं.

आई गेल्यावर तुम्ही नगरला, सावेडीत आमच्याकडं राहायला आलात. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग पाऊल अडायला लागलं. शर्टाचं एक बटण लावायला तुम्हाला दहा मिनिटं लागायची आणि मदत केलेली आवडायची नाही. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळी सुरू केली, आणि खरं सांगते, महिन्याभरात तुम्ही माणसात आलात. नात तेव्हा सहा वर्षांची. तिला शाळेत सोडायचात, येताना मेथीची जुडी आणायचात. आठवड्याच्या गोळ्या मी स्वतः डबीत भरून ठेवायचे. त्या गोळीला मी हात जोडायचे, तात्या. डॉक्टरांनी डोस वाढवला तेव्हासुद्धा.

दिवाळीची साफसफाई करताना तुमच्या गादीखाली लॉटरीची तिकिटं सापडली. एक-दोन नाहीत, रबर लावलेले गठ्ठे. मला आधी वाटलं, कुणी मेल्यानं तुमच्याकडं ठेवायला दिली असतील. तुम्ही कॉटवर बसलात, मान खाली. पाच-सहा महिने झाले, म्हणालात. रोज नातीला सोडलं की स्टँडजवळच्या त्या टपरीवर. पैसे गेल्याचं मला काही नव्हतं. पण तुम्ही? मी विचारलं, कसली एवढी मजा येते त्यात, या वयात? तेव्हा तुम्ही वर बघितलंत आणि जे म्हणालात ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"मजा न्हाई गं येत त्यात. निकालबी बघत न्हाई मी. पण पाय तिकडं जातात."

"पाय जातात? पाय काय तुमच्यापासून वेगळे राहतात का?"

असं मी बोलले. माझ्या बापाला. आणि तेवढ्यावर थांबले नाही, पोरीला हाक मारली. ती रांगोळीचे हात घेऊन आली. मी तुम्हाला म्हणाले, हिच्या डोक्यावर हात ठेवा आणि शपथ घ्या. तुम्ही नको नको म्हणत होतात. पोरगी हसत होती, तिला खेळ वाटला. शेवटी तुमचा थरथरता हात मीच उचलून तिच्या केसांवर ठेवला.

शपथ टिकली नाही. कशी टिकणार, हे आज कळतंय. तेव्हा एवढंच कळलं, की संक्रांतीनंतर तुमच्या कोटाच्या खिशात परत तिकिटं निघाली, आणि त्याच आठवड्यात पोरीला डेंग्यू झाला. दवाखान्याच्या जिन्यात तुम्ही मला गाठलंत. भिंतीला धरून उभे. तुमच्या शाळेतली पोरं शपथ मागं घ्यायची असली की एकमेकांना म्हणायला लावायची, तसं तुम्ही मला म्हणालात, "एकदा सुटली म्हण गं. माझ्यामुळं हुतंय हे." आणि मी म्हणाले, खेळताना आठवलं नव्हतं का? आणि सलाईनची बाटली घेऊन वर निघून गेले. जळ्ळी माझी जीभ. पोरगी बरी झाली, पण मी काही सुटली म्हणाले नाही. त्यानंतर तुम्ही तिला हात लावला नाहीत. ती मांडीवर येऊन बसायला लागली की उठून जायचात. वर्षभरानं न्यूमोनिया होऊन तुम्ही दवाखान्यात पडलात, ती तुम्हाला भेटायला आली, तेव्हाही तुमचे हात रजईखालीच.

मागच्या महिन्यात एक फाइल आली माझ्या टेबलावर. जुगाराच्या अड्ड्यावर सापडलेला एक रिटायर माणूस, आणि त्याच्या वकिलानं जोडलेला डॉक्टरांचा दाखला, की हे औषधामुळं घडलं आहे. खाली गोळीचं नाव. मी ते नाव तीन वर्षं डबीत भरलंय. साहेबांनी दोनदा हाक मारली म्हणे, मला ऐकूच आलं नाही. तुमचे डॉक्टर आता नगरमध्ये नाहीत, म्हणून दुसऱ्यांकडं गेले, पेशंट नसताना फी भरून. त्यांनी समजावून सांगितलं. कंपवातात डोपामीन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून हालचाल बिघडते. गोळी त्या रसायनाची जागा घेते. पण कुठं हवंय आणि कुठं आधीच पुरेसं आहे, हे गोळीला कुठलं ठाऊक? वावरात एक वाफा सुकला म्हणून मोटर सुरू केली आणि दारं धरायला, पाणी वळवायला कुणीच नसलं, तर ओला वाफाही तुंबतो. काहीतरी मिळेल या आशेनं माणसाला उठवून पळवणारा एक भाग असतो मेंदूत, तुमचा तो तुंबला. मी विचारलं, म्हणजे त्यांना सुख वाटायचं का? डॉक्टर म्हणाले, सगळे असंच समजतात. डोपामीन म्हणजे सुख नव्हे, ती ओढ. सुखाची व्यवस्था बरीचशी वेगळी. व्यसनात ओढ वाढत जाते, सुख वाढत नाही, उलट आटतं. दारूचं तेच, तंबाखूचं तेच. आणि हमखास मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा मिळेल-न मिळेल अशा गोष्टीची ओढ जबर, म्हणून लॉटरी. डोस हळूहळू कमी केला, गोळी बदलली, की बहुतेकांचं सुटतं, म्हणाले.

अहो, हेच तर तुम्ही मला सांगितलं होतं. कॉटवर बसून, माझ्याकडं बघून, तीन वाक्यांत. कोर्टात चोरालासुद्धा तुझं काय म्हणणं आहे असं विचारतात आणि लिहून घेतात. मी तुमचं म्हणणं ऐकलं आणि त्याची थट्टा केली. तुम्ही स्वतःला वाईट माणूस समजून गेलात, तात्या. नातीच्या जिवावर उठलेला माणूस. त्या नव्या डॉक्टरांचा जिना उतरताना मी मोठ्यानं म्हणाले, सुटली. खालून येणाऱ्या बाईनं मला वाट दिली. ऐकायला तुम्ही कुठं होतात?

लेक पुण्याला शिकते आता. आजोबा माझ्यावर का रागावले होते, हे ती लहानपणापासून विचारत आली आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेत आले. या रविवारी घरी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. गोळी, तिकिटं, शपथ, जिना, माझं बोलणं, सगळं. ती खूप रडली. म्हणाली, म्हणजे त्यांना मी आवडायचे. मी म्हणाले, जिवापाड. मग तोंड धुऊन आली आणि तिनं विचारलं, पण डॉक्टरांना कुणी कसं सांगितलं नाही?

तुमच्या पत्त्यावर टपाल जात नाही, म्हणूनच हे लिहायला धजले. तिकिटं सापडल्यानंतर आपण डॉक्टरांकडं गेलो होतो. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, आणखी काही त्रास? वागण्यात काही बदल? तुम्ही खुर्चीत पुढं सरकलात. म्हणालात, डॉक्टर, एक सांगायचं हुतं. बाहेर बाकावर आपल्या ओळखीची दोन माणसं बसली होती, दार उघडंच होतं. मी तुमच्या गुडघ्यावर हात दाबला आणि म्हणाले, पोट साफ होत नाही, ते विचारायचंय त्यांना. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग डॉक्टरांकडं वळून पोटाचं विचारलंत, नीट, गुरुजींसारखं, आणि औषध लिहून घेतलंत.

लेक उत्तराची वाट बघत उभी होती, हातात टॉवेल घेऊन. मी तिला म्हणाले, आजोबांनी डॉक्टरांपासून लपवलं.